बारसं आधी, बाळ नंतर

मंडळी, आपल्याकडचा पुस्तकाचा प्रकाशन समारंभ आठवून पाहा. रंगीत कागदात बांधलेली प्रत, फीत सोडताना अडलेली गाठ, "जरा वर धरा" म्हणणारा फोटोग्राफर, आणि बाहेर टेबलावर सवलतीत ठेवलेला गठ्ठा. भाषणे लांबोत, चहा थंड होवो, पण एक गोष्ट नक्की. पुस्तक छापून तयार असते. पैसे टाकले की पिशवीत घालून घरी नेता येते.

सॉफ्टवेअरच्या प्रकाशनाला इकडे 'लाँच' म्हणतात. शब्द जहाजांच्या धंद्यातला आहे. गोदीत बांधलेले जहाज पाण्यात सोडतात ते लाँच. गंमत अशी, की त्या वेळी जहाज पुरे झालेले नसते. सांगाडा तरंगतो एवढे पाहायचे, मग त्याला धक्क्याला बांधून पुढची जोडणी महिनोन् महिने चालते. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. सॉफ्टवेअरला याहून नेमका शब्द सापडला नसता.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे गेल्या अंकानंतर एका वाचक भगिनींनी आम्हाला गाठले. म्हणाल्या, "आमचा मुलगा कॉलेजला आहे. कुठल्यातरी कंपनीचं काहीतरी लाँच असलं की जेवण सोडून कॉम्प्युटरपुढे बसतो. नंतर म्हणतो, आता जुनं सगळं बाद. हे लाँच म्हणजे नक्की काय असतं हो? तुम्ही कधी गेला आहात का?"

गेलो आहोत. आणि प्रश्नातला 'जुनं सगळं बाद' हा भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटला, म्हणून या वेळचे सदर त्यावरच.

आधी थोडा इतिहास. ज्याला आमच्या धंद्यात सगळ्या प्रात्यक्षिकांची आई म्हणतात, ते प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाले. डग्लस एंगेलबार्ट नावाच्या इंजिनिअरने जवळजवळ दीड तास पडद्यावर माउस चालवून दाखवला, लिहिलेला मजकूर इकडून तिकडे हलवला, दूरच्या सहकाऱ्याशी पडद्यावरून बोलत काम केले. समोर बसलेले बहुतेक संगणकवाले. विकायला काहीच नव्हते. शक्य काय आहे, एवढेच दाखवायचे होते.

पुढे दाखवण्याबरोबर विकणेही आले. २४ जानेवारी १९८४ रोजी क्युपर्टिनोला स्टीव्ह जॉब्जने पिशवीतून मॅकिंटॉश काढला आणि तो यंत्राच्या आवाजात स्वतःच बोलू लागला. टाळ्यांनी सभागृह दणाणले. पुढे तिथल्याच इंजिनिअरांनी लिहून ठेवले, की दुकानात मिळणाऱ्या यंत्राची मेमरी १२८ के होती आणि त्या बोलण्याला ती पुरेना, म्हणून मंचावर ५१२ केचा नमुना ठेवला होता. म्हणजे पाहुण्यांनी चाखले ते आणि वाढले ते, यांत चौपटीचा फरक.

मग २४ ऑगस्ट १९९५. विंडोज ९५. हा तर लग्नसोहळाच होता. रेडमंडला मांडव, सूत्रसंचालनाला टीव्हीवरचे जे लेनो, जाहिरातीला रोलिंग स्टोन्सचे गाणे, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर रोषणाई आणि मध्यरात्री दुकानांपुढे रांगा. तीन वर्षांनी, २० एप्रिल १९९८ रोजी, शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना स्कॅनरची वायर जोडली आणि हजारोंच्या देखत पडदा निळा झाला. बिल गेट्सनी हसून वेळ मारून नेली. अजून विक्रीला आणले नाही ते याचसाठी, अशा अर्थाचे काहीतरी बोलले. विक्री २५ जूनला सुरू झाली. त्या निळ्या पडद्याला लोक आजही हसतात. आम्हाला विचाराल, तर त्या दिवशी लोकांना वस्तू जशी होती तशी दिसली.

आता आमची गोष्ट. साल २००८, तारीख २७ फेब्रुवारी, गाव लॉस एंजेलिस. मायक्रोसॉफ्टने एकाच दिवशी तीन वस्तूंचे लाँच ठेवले होते. पहिली विंडोज सर्व्हर २००८, दुसरी व्हिज्युअल स्टुडिओ २००८ आणि तिसरी एस्क्यूएल सर्व्हर २००८. संगणक नसलेल्यांसाठी सांगतो. पहिली म्हणजे कंपनीतल्या मोठ्या यंत्रांची व्यवस्था पाहणारी कारभारीण, दुसरी म्हणजे आम्हा प्रोग्रॅमरांचे सुतारकामाचे टेबल आणि तिसरी म्हणजे सगळी माहिती नीट लावून ठेवणारी कोठी.

आम्ही तेव्हा एकोणतीस वर्षांचे. मास्टर्स करून चार वर्षे झालेली, एच-वन व्हिसा, ग्रीनकार्डाचा अर्ज रांगेत. त्या अर्जासाठी नोकरीचे वर्णन सरकारदरबारी द्यावे लागते, आणि त्यात कोणकोणती तंत्रे अवगत हवीत तेही येते. तेव्हा नवे तंत्र आले की आमच्या पिढीच्या पोटात दोन्ही गोष्टी होत, आनंदही आणि गोळाही.

आमची तेव्हाची कंपनी लहान. डॉक्टरांच्या बिलांचा हिशेब ठेवणारा तिचा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला होता. व्हीबी सिक्स १९९८ चे. २००२ मध्ये व्हीबी डॉट नेट आले, त्याचे नाव तेच पण वळण इतके वेगळे, की जुना प्रोग्रॅम उचलून त्यात ठेवता येत नसे. आणि व्हीबी सिक्सला कंपनीकडून मिळणारी उरलीसुरली मदत संपण्याची तारीख होती ८ एप्रिल २००८. म्हणजे लाँचनंतर सहा आठवड्यांनी.

हा प्रोग्रॅम लिहिला होता आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी. मूळच्या फिलिपीन्सच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, वीस वर्षे इथे. कुठल्या दवाखान्याचे बिल कसे फिरते, कुठला आकडा का वजा करायचा, हे सगळे त्यांच्या डोक्यात. त्यांना व्हीबी सिक्स येत होते आणि नवीन येत नव्हते. साहेबांनी आम्हाला लाँचला धाडले ते एक काम देऊन. "परत आलात की मला एक पान लिहून द्या. सगळा प्रोग्रॅम नव्यात नाताळपर्यंत लिहून काढायचा का? काढायचा तर बाहेरची टीम आणतो."

बाहेरची टीम आली, तर बाई कुठे बसणार हे कोणी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

आणि हेही सांगून टाकतो. नव्यात लिहायचे ठरले, तर त्यात आमचा फायदाच होता. बायोडेटात तीन नवी नावे आली असती. आमच्या वयाच्या कुठल्याही एच-वनवाल्याने 'हो' लिहिले असते, आणि ते लिहिताना आपण तंत्रज्ञानाच्या बाजूने उभे आहोत असेच त्याला वाटले असते.

तर समारंभ. गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी, पिशवीत पेन आणि वही. आणि सगळीकडे घोषवाक्य, 'हीरोज हॅपन हिअर'. म्हणजे वीर इथेच घडतात. आजूबाजूला पाहिले, तर वीर सँडविचच्या रांगेत उभे होते. स्टीव्ह बामर तेव्हा कंपनीचे प्रमुख. त्यांचे भाषण दणदणीत झाले. मग वेगवेगळ्या दालनांत तंत्राची व्याख्याने.

आम्ही एका व्याख्यानाआधी घरी फोन लावून "हो गं, पोचलो, जेवलो" एवढेच बोललो, तोच शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ वळले.

"मराठी का?"

"हो. मूळचे साताऱ्याचे."

"मी नागपूरचा. अठ्ठ्याहत्तर सालापासून इथेच. पंच कार्डं खोक्यात घालून हिंडलोय बरं का मी. तुला अरेतुरे केलं तर चालेल ना?"

"अहो काका, चालेल काय, बरंच वाटेल."

काकांच्या हातात एक छोटी डायरी होती आणि तिच्यात त्यांनी तीन रकाने आखले होते. आम्ही भाषणातले मुद्दे भराभर उतरवून घेत होतो, तर काका तासाभरात दोन ओळी लिहिणार. न राहवून विचारले.

काका म्हणाले, "हे बघ, हे बारसं आहे. बारशाला जाणारा पाळणा बघतो, पेढा खातो, नाव छान आहे म्हणतो. आपण कामाची माणसं. आपण तीन गोष्टी विचारायच्या. बाळ झालंय का, नसेल तर कधी? घरातल्या मोठ्या भावंडांचं काय? आणि याला कुठवर सांभाळणार?"

मंडळी, एमएसच्या दोन वर्षांत आम्हाला हे कोणी शिकवले नव्हते. आता त्या दिवशीच्या तीन बाळांना हे प्रश्न लावून पाहू.

व्हिज्युअल स्टुडिओ प्रोग्रॅमरांच्या हाती १९ नोव्हेंबर २००७ लाच पडले होते. म्हणजे बाळ बारशाला तीन महिन्यांचे, मान धरणारे. विंडोज सर्व्हर ४ फेब्रुवारीला तयार झाला, बारशाला तीन आठवड्यांचा. हे आपल्या रिवाजाच्या जवळपास आले. पण त्यातला ज्याचा सर्वांत गाजावाजा, तो हायपर-व्ही नावाचा भाग अजून कच्चा होता. एका दणकट यंत्रात अनेक यंत्रे नांदवायची अशी ती सोय. एका वाड्यात चार बिऱ्हाडे, प्रत्येकाची चूल वेगळी, एकाकडे भांडण झाले तरी दुसऱ्याकडे ऐकू येऊ नये, तसे. तो पक्का होऊन आला २६ जूनला.

आणि एस्क्यूएल सर्व्हर? त्याचा जन्म ६ ऑगस्टचा. बारशानंतर पाच महिन्यांहून अधिक. आम्हाला समारंभात जी पेटी मिळाली, तिच्यात त्याची पूर्वावलोकनाची तबकडी होती. म्हणजे सोनोग्राफीचा फोटो म्हणा. यात लपवाछपवी काही नव्हती. येत्या काही महिन्यांत येईल, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. पण टाळ्यांत 'दाखवले' आणि 'आहे' यांतला फरक वाहून जातो. आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. प्रोग्रॅमरांच्या बैठकीत ही म्हण फार उपयोगी पडते.

खरे सांगायचे तर त्या न जन्मलेल्या बाळानेच आम्हाला सगळ्यात मोहात पाडले होते. कारण ऐकाल तर हसाल. त्यात नुसती तारीख साठवायची सोय येणार होती. तोवर त्या कोठीत नुसती तारीख ठेवताच येत नसे. प्रत्येक तारखेला वेळ चिकटायची. एखाद्याची जन्मतारीख लिहिली, की पुढे मध्यरात्रीचे बारा वाजून शून्य मिनिटे आपोआप यायची, जणू सगळे जग मध्यरात्रीच जन्मले. शिवाय ती जुनी तारीख १ जानेवारी १७५३ पासूनच सुरू व्हायची. कारण इंग्लंडने आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये पंचांग बदलले, मधले अकरा दिवस गाळले, म्हणून त्याच्या मागे जायचेच नाही असा हिशेब. म्हणजे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत त्या कोठीत मावत होते, पण ६ जून १६७४ चा शिवराज्याभिषेक मावत नव्हता! काकांना हे सांगितले तर म्हणाले, "म्हणजे पराभव तेवढा लक्षात ठेवायचा." नव्या प्रकारात सन १ पासून सगळ्या तारखा बसणार होत्या. ही घोषणा झाली तेव्हा आमच्या दालनात खऱ्या टाळ्या पडल्या. बामरसाहेबांच्या वेळी पडल्या त्या वेगळ्या, या वेगळ्या. पाहुणा टाळी वाजवतो ती रोषणाईला, प्रोग्रॅमर वाजवतो ती रोजची एक कटकट गेली म्हणून.

आता दुसरा प्रश्न, मोठ्या भावंडांचे काय. दिवसभरात आम्ही ऐकलेल्या एकाही व्याख्यानात व्हीबी सिक्सचे नाव निघाले नाही. बारशाच्या दिवशी कोणी घरातल्या दुखण्याचा विषय काढत नाही, ते समजू शकतो. पण कामावरच्या माणसाला बातमी त्या न घेतलेल्या नावातच असते. काकांनी दुसऱ्या रकान्यात तारीख टिपली होती, आठ एप्रिल. खाली एक ओळ. 'प्रोग्रॅम चालतच राहतील.' तेही खरे होते. लिहिण्याचे साधन वाऱ्यावर सोडले असले, तरी लिहून झालेले व्हीबी सिक्सचे प्रोग्रॅम पुढच्या विंडोजवर चालत राहतील याची हमी कंपनीने दिलेली होती. टेबल मोडले तरी त्यावर बनवलेली खुर्ची मोडत नाही.

या न बोललेल्या गोष्टींत कधी आपली चांगली बातमीही असते. विंडोज २००० चे लाँच १७ फेब्रुवारी २००० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाले. जगाला त्यात सर्व्हर आणि कंपन्यांचे जाळे दिसले. आपल्यासाठी त्यात मोलाचे होते ते 'मंगल' नावाचे अक्षर. युनिकोड पद्धतीची देवनागरी विंडोजमध्ये प्रथमच अंगभूत आली. त्याआधी एकाच्या यंत्रावर टंकलेली मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर उघडली, की कावळ्याचे पाय दिसत. परदेशातल्या मंडळांचे अंक ज्यांनी त्या काळात टंकले, त्यांना विचारा. ते अजून उसासा टाकतील.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाई चहाच्या यंत्रापाशी उभ्या होत्या. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "आमच्याबद्दल काय म्हणाले?" भाषेबद्दल नाही, 'आमच्याबद्दल'. आम्ही म्हणालो, "काहीच म्हणाले नाहीत." त्यांनी मान हलवली, कप धुतला आणि जागेवर जाऊन बसल्या. आमची आई शाळेत शिक्षिका होती. पन्नाशीत तिच्यापुढे संगणक ठेवला, तेव्हा ती अशीच मान हलवून गप्प बसली होती.

आम्ही साहेबांना एक पान लिहून दिले. त्यात काकांचेच तीन रकाने. व्हिज्युअल स्टुडिओ आजच हाती आहे, नवे काम त्यात सुरू करावे. कोठी मात्र हाती नाही, ती येईपर्यंत तिच्या भरवशावर एक ओळही लिहू नये. जुना प्रोग्रॅम उद्या बंद पडणार नाही, तेव्हा नाताळची घाई नको. एकेक भाग काढून नव्यात न्यावा. आणि शेवटी लिहिले, की या प्रोग्रॅमचे अर्धे नियम कुठेही लिहिलेले नाहीत, ते एकाच व्यक्तीला ठाऊक आहेत. बाहेरच्या टीमला ते कोण सांगणार?

साहेबांना बाईंची दया आली असे नाही. त्यांना शेवटचे वाक्य पटले. हिशेबी माणूस, पण हिशेब सरळ. काम भागाभागाने सुरू झाले. बाई आमच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि नियम सांगत, आम्ही लिहून घेत असू. सुरुवातीला त्या नव्या पडद्याकडे बघतच नसत. सहा महिन्यांनी एका दुपारी त्यांनीच कीबोर्ड ओढला आणि म्हणाल्या, "असं नाही, सरक." पुढे त्या नव्यात पारंगत झाल्या असे म्हणणार नाही. पण आमचे लिहिलेले वाचून बरोबर बोट ठेवण्याइतके त्यांना येऊ लागले.

त्या वर्षी पुढे काय झाले ते आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे. ६ ऑगस्टला कोठी आली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले आणि आमच्यासारख्या लहान कंपन्यांचेही नव्या कामाचे पैसे गोठले. ज्यांनी सगळे घर एकदम पाडून नवे बांधायला घेतले होते, ते पावसात उघड्यावर आले. आमचे घर एकेक खोली दुरुस्त करणारे होते. थांबले तिथे थांबले, पण डोक्यावर छप्पर राहिले. नवी कोठी आम्ही २०१० मध्ये घेतली, तोवर तिच्यातल्या खोड्याही निघून गेल्या होत्या. बाई २०१२ मध्ये मानाने निवृत्त झाल्या. दोन वर्षांनी आम्ही ती कंपनी सोडली, तेव्हाही व्हीबी सिक्समधला त्यांचा एक छोटा भाग रोज पहाटे निमूट चालत होता.

उरला तिसरा प्रश्न, कुठवर सांभाळणार. मंडळी, या बाळांच्या जन्मपत्रिकेत मृत्यूची तारीखही छापलेली असते, आणि ती कोणीही वाचू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या कचेरीकामाच्या वस्तूंचा तेव्हाचा नियम साधारण असा होता, की पाच वर्षे पूर्ण देखभाल आणि पुढची पाच मुख्यतः सुरक्षेची डागडुजी. त्या दिवशीच्या तिघांपैकी व्हिज्युअल स्टुडिओ २००८ ची मदत १० एप्रिल २०१८ ला संपली, एस्क्यूएल सर्व्हरची ९ जुलै २०१९ ला आणि विंडोज सर्व्हरची १४ जानेवारी २०२० ला. लॉस एंजेलिसच्या टाळ्यांना बारा वर्षेही पुरी झाली नव्हती, तोवर तिघांचेही उत्तरकार्य झाले. अशा वेळी कोणी हॉल घेत नाही आणि पेढेही वाटत नाही.

हे घरगुती वाचकांनाही लागू आहे. विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला आले आणि त्याची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पण सुरक्षेची ठिगळे लागणे थांबले, की त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या दाराआड दागिने ठेवणे. पुण्या-नाशिकला आईवडिलांच्या टेबलावर आपण कधीकाळी मांडून दिलेला संगणक असेल, तर पुढच्या फोनवर तब्येतीबरोबर त्याचीही चौकशी करा.

आणि आता त्या वाचक भगिनींच्या चिरंजीवांविषयी. त्याच्या पिढीतले सर्वांत मोठे लाँच झाले ३० नोव्हेंबर २०२२ ला, आणि त्याला मांडवच नव्हता. ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी नुसते लोकांपुढे ठेवले, तेही संशोधनाचे पूर्वावलोकन म्हणून. रोषणाई नाही, गाणे नाही. जग आपणहून बारशाला आले. तेव्हापासून नव्या मॉडेलांच्या घोषणांचा रतीब सुरू आहे आणि प्रत्येक घोषणेनंतर मुले म्हणतात, जुने बाद.

त्याला सांगा, की काकांचे तीन प्रश्न तुझ्या काळातही चालतात. त्यातला तिसरा तर जास्तच चालतो. बाईंचा प्रोग्रॅम टिकला, कारण तो आमच्याच यंत्रावर होता. लिहिणाऱ्या कंपनीने पाठ फिरवली तरी तो कोणाच्या परवानगीवाचून चालत राहिला. आजच्या बऱ्याचशा वस्तू दुसऱ्याच्या यंत्रावर चालतात. त्याने दिवा मालवला, की आपल्याकडेही अंधार. आपल्यापैकी कितीजणांचे शाळेतले मित्र ऑर्कुटवर पुन्हा भेटले होते, आठवते ना? २००४ मध्ये सुरू झालेले ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. ज्यांनी आपला मजकूर वेळेवर उतरवून घेतला नाही, त्यांची ती पाने गेली. तेव्हा नवीन जरूर शीक, आम्हीही अजून शिकतो आहोत, चाळिशी डोळ्यांवर आली तरी. पण आपले लिखाण, आपले फोटो, आपला हिशेब यांची एक प्रत आपल्या घरात ठेव.

आणि ज्याला 'जुने' म्हणतोस, त्याच्यामागे कोणीतरी माणूस बसलेला असतो. त्याला काय काय ठाऊक आहे ते आधी विचारून घे. ते कुठल्याच पेटीत मिळत नाही.

काकांची पुढे दोनदा फोनवर गाठ पडली, मग पत्ते बदलले. त्यांची तीन रकान्यांची सवय मात्र आम्हाला लागली ती लागलीच. परवा सौ. नवा फ्रीज बघायला घेऊन गेल्या. विक्रेता म्हणाला, हा फ्रीज तुमच्याशी बोलतो. आम्ही विचारले, "किती वर्षं बोलेल?" तो साहेबांना विचारून येतो म्हणाला.

अजून आलेला नाही. पुढच्या अंकापर्यंत आला, तर कळवूच.